बहात्तर पायऱ्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे, इतकंच.)

एवढ्या उकाड्यातही गच्चीवर जागा धरून बसलेले माझे शेजारी, समस्त वहिनी मंडळी, आणि मागे टाकीच्या कठड्यावर चढून बसलेले बाळगोपाळ! (आधी खाली उतरा बघू. हां, आता ठीक.)

कमिटीने मला सांगितलं, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे मेंबर. दहा मिनिटं बोला. जुन्या आठवणी सांगा, लोकांना हसवा, पण हिशेब नको." आता बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला हिशेब नको म्हणणं म्हणजे भटजींना दक्षिणा नको म्हणण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. मात्र शेवटी एक हिशेब मांडणार आहे. तो बारा वर्षं माझ्या मनात पडून आहे आणि अजून जुळलेला नाही.

मी मूळचा गिरगावातला. दोन खोल्या, पुढे सामायिक गॅलरी, टोकाला सामायिक संडास. सकाळी दार उघडलं की रात्री झोपतानाच लागायचं. कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे मासे आले, कोणाचा मुलगा नापास झाला, सगळं दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला माहीत. तेव्हा वाटायचं, आपलं एक दार असावं आणि ते लावून बसता यावं. १९९९ च्या दसऱ्याला बँकेचं स्टाफ हाउसिंग लोन काढून डोंबिवलीत हा ब्लॉक घेतला. त्या वेळी फ्लॅट कोणी म्हणत नसे, ब्लॉकच म्हणायचे. नातेवाईक म्हणाले, "एवढ्या लांब?" पण इथे येऊन बघतो तर निम्मं गिरगाव, दादर, लालबाग आमच्या आधीच येऊन बसलेलं. आम्ही आलो त्याच सुमारास पाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली. पहिल्या पाडव्याला रस्त्यावर ढोल-ताशा आणि नऊवारीतल्या बायका बघून बायको म्हणाली, "चला, आपण काही परगावी आलेलो नाही."

दार लावून बसायची हौस चार दिवसांत फिटली. पाचव्या दिवशी दूध नासलं आणि विरजण कोणाकडे मागायचं ते कळेना. बंद दाराची बेल वाजवायची म्हणजे आधी साडी नीट करा, केस नीट करा, मग पीप-होलमधून आपल्याकडे बघितलं जाणार. चाळीत नुसता हात पुढे केला की वाटी मिळायची! बायकोने धीर करून बेल वाजवली. दार उघडलं तर आतल्या बाईच्या हातात रिकामी वाटी. तीही आमच्याकडेच यायला निघाली होती. त्या दोघी विरजण मागायला मिळून वरच्या मजल्यावर गेल्या. आपल्या सोसायटीची नोंदणी २००० साली झाली असं प्रमाणपत्रात लिहिलं आहे. माझ्या मते ती त्या दिवशीच झाली.

आता रडगाणं थोडक्यात उरकतो, कारण ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पहाटे साडेपाचला पाणी येणार, म्हणून पाचला पंप लावणारा उठणार, आणि ज्या दिवशी तो उठणार नाही त्या दिवशी वीस घरांत त्याचा उद्धार होणार. दुपारी दोन ते चार ही झोपेची वेळ आहे, हे फक्त ड्रिलिंग मशीनवाल्याला माहीत असतं, म्हणून तो नेमका तेव्हाच येतो. वरच्या कुंड्यांचं पाणी खालच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरच पडतं. कबुतरं आपल्याला मेंबर समजत नाहीत, भाडेकरू समजतात. जिन्यातल्या चपलांच्या रॅकवर आजवर झालेले ठराव एकत्र केले तर त्यांनाच ठेवायला एक रॅक लागेल. गळतीबद्दल तर बोलतच नाही. वरचे म्हणतात पाइप सोसायटीचा, सोसायटी म्हणते संडास तुमचा, आणि खालचा बिचारा टोपलं लावून बसतो. आणि आता आपला व्हॉट्सॲप ग्रुप. 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना सत्तावीस सुप्रभातांच्या खाली दबून जाते. मग लोक विचारतात, कळवलं का नाही?

पण सुखंही याच भिंतींच्या आत आहेत. माझ्या घराची किल्ली गेली पंचवीस वर्षं समोरच्यांकडे आहे आणि त्यांची माझ्याकडे. आम्ही गावाला गेलो की आमच्या तुळशीला पाणी मिळतं. समोरच्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की माझी आंघोळीची वेळ झाली, असं माझं घड्याळ आहे. एकदा दोन दिवस शिट्टी ऐकू आली नाही, म्हणून बायको जाऊन बघते तर घरातल्या दोघांनाही ताप. शिट्टीवरून आजार ओळखणारा शेजार पैसे देऊन मिळत नाही.

जुन्या लोकांना भारनियमनाचे दिवस आठवत असतील. संध्याकाळी वीज जायची आणि आख्खी सोसायटी याच गच्चीवर यायची. सतरंज्या, पत्ते, भेंड्या, कोणाच्या तरी घरची भेळ. वीज आली की मुलं ओरडायची आणि मोठी माणसं, खरं सांगा, जराशी हिरमुसायची.

आणि २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडल्या आणि मी फोर्टच्या शाखेत अडकलो. फोन लागत नव्हता. घरी बायको आणि दहावीतली मुलगी. दोन रात्रींनी मी घरी पोचलो. इथे काय झालं होतं ते नंतर कळलं. तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. चारही घरं वर आली होती. लहान मुलं, म्हातारी माणसं, गॅसचे सिलिंडर, गाद्या, एक शिवणयंत्र, सगळं जिन्यावरून वर. दोन घरं आमच्या मजल्यावर राहिली आणि दोन थेट चौथ्या मजल्यावर, तिथल्या वहिनींकडे. त्यांनी त्या रात्री अकरा माणसांची खिचडी केली आणि स्वतः स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपल्या, असं माझी बायको सांगते. त्या रात्री कोणी कोणाला विचारलं नाही की तू कितव्या मजल्यावरचा.

हे मुद्दाम सांगितलं. आता तो हिशेब.

या चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. तरुण मुलं त्यांना 'वरची आजी' म्हणायची. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होत्या. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, पण मला भावजी म्हणायच्या. यजमान गेल्यावर त्या एकट्याच राहायच्या. मुलगी पुण्याला. सत्तरीनंतर गुडघे गेले. आपली इमारत तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. एका मजल्याला अठरा पायऱ्या. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर.

हळूहळू वहिनींचं खाली येणं कमी झालं. आधी भाजीला रोज यायच्या, मग आठवड्यातून एकदा, मग फक्त बँकेत आणि डॉक्टरकडे. मग त्यांनी गॅलरीतून कापडी पिशवी सोडायला सुरुवात केली. निळी नायलॉनची दोरी, टोकाला पिशवी, पिशवीत पैसे आणि चिठ्ठी. शिक्षिकेचं सुवाच्य अक्षर: मेथी एक जुडी, लिंबं चार, कोथिंबीर फुकट द्यावी. भाजीवाला खाली थांबायचा आणि पिशवी वर जायची. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीच्या बरोबर वर असल्यामुळे ही पिशवी रोज माझ्या खिडकीसमोरून खाली जायची आणि वर जायची. बायकोने त्यात आपला एक थांबा करून घेतला. ती दोरी धरून पिशवी थांबवायची आणि कधी अळूवडी, कधी मासिक, कधी औषधाची पट्टी आत टाकायची. वरून कधी मेतकूट यायचं, कधी आमच्या नातवासाठी लोकरीची टोपी. दोघींचं बोलणं गॅलरीतूनच. एक मान वर करून, एक वाकून. मी पेपर वाचता वाचता हे सगळं बघत असे. बघत असे, पण बघितलं काहीच नाही.

२०१३ च्या सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याकडून लिफ्टचा प्रस्ताव आला. जिन्याच्या बाहेरच्या बाजूने लोखंडी सांगाडा उभारून लिफ्ट बसवायची. कोटेशन साडेदहा लाखांचं. वीस सभासद, म्हणजे प्रत्येकी ५२,५०० रुपये. मी तेव्हा कोषाध्यक्ष. आठ वर्षं मी ते काम केलं आणि ऑडिटरने एकही शेरा मारला नाही, याचा मला फार अभिमान होता. आमच्या तरुणपणी बँकेत खातेवह्यांच्या बेरजा हाताने जुळवायच्या. अकरा पैशांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत रात्री दहालाही घरी जायचं नाही. असं वळण लागलेला माणूस मी.

सभेत मी उठलो आणि वीस मिनिटं बोललो. सिंकिंग फंड लिफ्टसाठी नाही. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी जमा करायचा, तो इमारत पुन्हा बांधायला, मजबुतीच्या कामाला किंवा मोठ्या दुरुस्तीला. दुरुस्ती निधी दुरुस्तीसाठी. म्हणजे पैसे ज्याच्या त्याच्या खिशातूनच जाणार. पाणीपट्टी आपण नळांच्या संख्येवर आकारतो, कारण जो वापरतो तो भरतो. लिफ्टचा खर्च मात्र उपविधींप्रमाणे सगळ्यांवर सारखा, वापरा अथवा न वापरा. मग तळमजल्याने का भरावं? पहिल्या मजल्याने का भरावं? शिवाय दरमहा देखभाल, विजेचं बिल, दरवर्षीची तपासणी. मी म्हटलं, आज मुदत ठेवीला नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज आहे. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. ७२ भागिले ९, आठ. "मंडळी, हे ५२,५०० रुपये बँकेत ठेवा, आठ वर्षांनी लाखाच्या वर होतील. तेव्हा बघू लिफ्टचं."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. माझा मुद्दा कायद्याने बरोबर होता, गणिताने बरोबर होता. वहिनी सभेला आल्या नव्हत्या. सभा खाली पार्किंगमध्ये होती.

मतदान झालं. सतरा जण हजर. विरोधात नऊ, बाजूने आठ. प्रस्ताव फेटाळला. मिनिट्स मीच तपासून दिली.

नऊ आणि आठ. माझं एक मत तिकडे गेलं असतं तर आठ आणि नऊ झालं असतं. एवढी वजाबाकी मला त्या रात्रीच यायला हवी होती. ती यायला मला साडेतीन वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी पिशवी नेहमीसारखी खाली आली. भाजी घेऊन वर गेली. वहिनी मला कधीही त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बायको बोलली. ती म्हणाली, "तुम्ही एकदा वर जाऊन तरी यायचं होतं मत द्यायच्या आधी." मी म्हटलं, तो भावनेचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. पुरुष चुकला की त्याला तत्त्व आठवतं.

२०१७ च्या फेब्रुवारीत एका रात्री वहिनींना धाप लागली. ॲम्ब्युलन्स आली. आपल्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, हे आम्हाला त्या रात्री कळलं. इतकी वर्षं इमारतीत राहून हे कोणालाच माहीत नव्हतं. मग प्लॅस्टिकची खुर्ची आणली. वहिनींना त्यात बसवलं, बायकोच्या साडीने बांधलं आणि चार मुलांनी खुर्ची उचलली. त्यांतले दोघे आज इथे बसले आहेत. मी पुढे टॉर्च आणि फाइल घेऊन उलटा चालत होतो. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी होत होती आणि वहिनी डोळे मिटून कठडा चाचपत होत्या. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, दम घ्यायचा.

आमच्या मजल्यावर, माझ्याच दारासमोर, खुर्ची टेकवली. दार उघडं होतं, आत दिवा होता. वहिनींनी डोळे उघडले, दारावरची पाटी बघितली, आणि धापा टाकत म्हणाल्या, "अगंबाई, भावजी, तुम्ही तर अगदी खालीच राहता की हो!"

टोमणा नव्हता. मी त्यांचा चेहरा टॉर्चच्या उजेडात बघितला. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. किती वर्षांत त्या आमच्या मजल्यावर थांबल्याच नव्हत्या. त्यांच्या लेखी आम्ही आणि त्या शेजारी होतो, एकाच दोरीवरचे. मधल्या चोपन्न पायऱ्या त्या विसरून गेल्या होत्या. मी मात्र त्या मोजून मत दिलं होतं.

वहिनी बऱ्या झाल्या. पण डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं. मुलगी हॉस्पिटलमधूनच त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिथे लिफ्ट होती. वहिनी पुन्हा आपल्या घरी आल्या नाहीत. यजमानांच्या ग्रॅच्युइटीतून घेतलेलं घर, स्वतःच्या हाताने लावलेली कढीपत्त्याची कुंडी, आतल्या कपाटात शाळेतल्या मुलांचे फोटो, सगळं वर राहिलं. मुलीने एकदा येऊन कुलूप लावलं. बायको आणि वहिनी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. बायको गॅलरीतच उभी राहून बोलायची आणि बोलताना सवयीने मान वर करायची. २०१९ मध्ये वहिनी पुण्यालाच गेल्या.

मग आली २०२० ची टाळेबंदी. मार्चच्या शेवटी आपण गेटला कुलूप लावलं, आणि आठवड्याभरात बघतो तर प्रत्येक गॅलरीतून दोरी आणि पिशवी! दुसऱ्या मजल्यावरून, तिसऱ्या मजल्यावरून, अगदी पहिल्या मजल्यावरून मीसुद्धा. दूध, भाजी, औषधं, सगळं पिशवीतून वर. आपण सगळे त्या दिवसांत फार वैतागलो होतो, खाली जाता येत नाही म्हणून. दोन महिन्यांत वेड लागायची पाळी आली. मी दोरी ओढत होतो आणि मला वाटत होतं, ही बाई सात-आठ वर्षं टाळेबंदीत होती. आणि तिच्या टाळेबंदीची मुदत मी वाढवली होती.

२०२१ च्या सभेत लिफ्टचा प्रस्ताव पुन्हा आला. मांडला आत्ताच्या सेक्रेटरीताईंनी, अनुमोदन मी दिलं. कोटेशन आता एकोणीस लाखांचं, म्हणजे प्रत्येकी ९५,०००. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "काका, तुमचं ते बहात्तर भागिले नऊचं काय झालं?" सगळे हसले. प्रश्न रास्त होता. मी हिशेब करून आणला होता. व्याजदर मध्ये घसरले खरे, पण २०१३ ला ज्याने नऊ टक्क्यांनी आठ वर्षांसाठी पैसे ठेवले असते, त्याच्या हातात लाखाच्या वर रक्कम आली असती. ९५,००० भरून वर चार पैसे उरले असते. म्हणजे पैशाच्या हिशेबात मी २०१३ लाही चुकलो नव्हतो आणि २०२१ लाही नाही. मंडळी, हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. मी चुकलो असतो तर चूक दुरुस्त करता आली असती. माझी बेरीज बरोबर होती. ज्या रकान्यात वहिनी होत्या, तो रकाना मी आखलाच नव्हता.

ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "२००५ ला आम्ही त्यांच्याकडे झोपलो होतो. लिहा माझं नाव." त्यांनी दहा हप्त्यांत पैसे भरले आणि एकही हप्ता चुकवला नाही. विरोधात दोनच मतं पडली. ती कोणाची हे मी सांगणार नाही, कारण ते दोघेही आता लिफ्टने गच्चीपर्यंत येतात. आजही आलेत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. महापालिकेची परवानगी, विद्युत निरीक्षकांची तपासणी, लायसन्स, दोन स्कूटरच्या जागा गेल्या म्हणून झालेलं महाभारत. २०२२ च्या गुढीपाडव्याला लिफ्ट सुरू झाली. पहिली फेरी कोणी करायची यावर वाद व्हायच्या आत सेक्रेटरीताईंनी रिकामी लिफ्टच चौथ्या मजल्यापर्यंत पाठवली आणि परत आणली. कोणाला काही सांगितलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

लिफ्टमध्ये एक उणीव राहिली. सांगाडा जिन्याच्या बाहेरून असल्यामुळे ती मजल्यावर उघडत नाही, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उघडते. तिथून घराच्या दारापर्यंत नऊ पायऱ्या उरतात. २०१३ ला कोणी मला म्हटलं असतं की पहिल्या मजल्याला लिफ्ट कशाला, तर मी हसलो असतो. २०२३ ला बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता आम्ही लिफ्टने वळणापर्यंत जातो आणि उरलेल्या नऊ पायऱ्या ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, मोजत जाते. नवव्या पायरीवर ती रोज वर बघते. मी विचारत नाही का ते.

कमिटीने आठवणी मागितल्या होत्या, मी कबुलीजबाब दिला. सणाच्या दिवशी हे बोलायचं नव्हतं असं कोणाला वाटलं असेल तर माफ करा. पण याच वर्षी आपल्यासमोर मोठा प्रश्न आहे. इमारतीला पंचवीस वर्षं झाली, स्ट्रक्चरल ऑडिट झालं आहे, आणि मोठी दुरुस्ती करायची की पुनर्विकासाला जायचं यावर पुढच्या महिन्यात विशेष सभा आहे. कोणी चौरस फुटांचा हिशेब मांडेल, कोणी कॉर्पस फंडाचा, कोणी भाड्याचा. मांडायलाच हवा. हिशेब न करता सही करू नका, असं मीच तुम्हाला पहिल्यांदा सांगेन. नवीन इमारत होईतो तीन-चार वर्षं बाहेर राहायला लागलं, तर ऐंशीच्या घरातले आपले चार सभासद कुठे राहतील, हा प्रश्न मात्र कोणत्याही कोटेशनमध्ये छापलेला नसेल. तो तुम्हालाच लिहावा लागेल.

म्हणून माझी एकच विनंती आहे, विशेषतः नवीन कोषाध्यक्षांना. ते तरुण आहेत, हुशार आहेत, एक्सेलमध्ये सगळं चुटकीसरशी करतात. सभेच्या आधी एक संध्याकाळ काढा. लिफ्टने नको, जिन्याने जा. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत, बहात्तर पायऱ्या, प्रत्येक दाराची बेल वाजवा, आत जा, चहा घ्या. वीस चहा जड होतील, अर्धा अर्धा घ्या. आणि विचारा, "तुमचं काय?" मग खाली येऊन खुशाल विरोधात मत द्या. माझी काही हरकत नाही. पण आधी वर जाऊन या. मी गेलो नव्हतो.

आणि एक छोटा ठराव मी आत्ताच, या व्यासपीठावरूनच मांडतो. त्या नऊ पायऱ्यांना फक्त एका बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूलाही पाइपचा कठडा बसवावा, प्रत्येक वळणावर. फॅब्रिकेटरकडून अंदाज घेतला आहे, खर्च माझ्याकडून. रौप्यमहोत्सवाची माझी वर्गणी समजा. पावती मात्र द्या, बिनपावतीचा व्यवहार मी आयुष्यात केलेला नाही.

चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात आता एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. त्यांना एक लहान मुलगी आहे. मागच्या महिन्यात दुपारी पेपर वाचत होतो, तर खिडकीसमोरून दोरीला बांधलेली एक प्लॅस्टिकची बादली हळूहळू खाली आली. त्यात एक बाहुली बसवलेली. आमच्या गॅलरीशी बादली थांबली. बायको लंगडत उठली, दोरी धरली आणि बाहुलीशेजारी एक लाडू ठेवला. बादली वर गेली.

दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. सेक्रेटरीताई घड्याळ दाखवताहेत आणि मागून मसालेभाताचा वास येतोय, त्याच्यापुढे माझं भाषण टिकणार नाही. सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. जेवून घ्या, आणि जाताना दोन घास, ज्यांना आज गच्चीवर येता आलं नाही, त्यांच्यासाठी डब्यात घेऊन जा.